हद्द वाढली, दुकानदाराला विचारलं कुणी?

२०२२मध्ये इचलकरंजी नगरपालिकेची महापालिका झाली. राज्यातली २८वी. पुढच्या वर्षी जालन्याचा नंबर लागला, २९वी. दोन्ही वेळेला सूर एकच होता. शहराचा दर्जा वाढला, आता निधी येणार, विकासाला गती मिळणार. पण दर्जा वाढल्यावर ज्यांचा कर, परवाना आणि भाडं बदलणार होतं त्यांना कुणी काय विचारलं, हा प्रश्न त्या जल्लोषात ऐकू आला नाही.

ऐकू येणार तरी कसा? निर्णय झाला तेव्हा दोन्ही शहरांत लोकांनी निवडलेलं सभागृहच नव्हतं. नगरपालिकेची मुदत संपलेली, कारभार प्रशासकाकडे. महापालिका झाल्यावरही प्रशासकच राहिला. या दोन शहरांतल्या मतदारांना महापालिकेचे पहिले नगरसेवक निवडायला मिळाले ते जानेवारी २०२६मध्ये. म्हणजे शहराला लागू होणारा कायदा बदलला, कर आकारणीची चौकट बदलली, अधिकाऱ्यांची उतरंड बदलली. आणि ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा एकही निवडून आलेला माणूस त्या काळात पालिकेत नव्हता. एक शहर यंत्रमागावर जगणारं, दुसरं बियाणं आणि पोलादावर. दोन्हीकडे पोट धंद्यावर. तरीही धंद्याला कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत करा, नगरपालिकेची महापालिका करा, हद्द वाढवा, प्रभाग बदला. शहरं वाढतात, त्यांचा कारभारही बदलावा लागतो. पण हा बदल ज्याच्या गल्ल्यातून वसूल होणार आहे त्याची कैफियत आधी ऐका. उपकार म्हणून नको, हक्क म्हणून ऐका.

‘व्यावसायिक’ म्हणजे कोण?

व्यापारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गादीवर बसलेला शेठ येतो. मी त्याच्याबद्दल बोलत नाही. त्याचा फोन आयुक्त उचलतात. मी बोलतोय ते हातगाडीवर केळी विकणाऱ्या बागवानाबद्दल, पानाच्या टपरीवरच्या तांबोळ्याबद्दल, बांगड्यांचा ठेला लावणाऱ्या मणेरणीबद्दल, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराबद्दल, गादी भरणाऱ्या नदाफाबद्दल, चार माग चालवणाऱ्या मोमिनाबद्दल. त्यांच्या शेजारीच बसणाऱ्या माळी, शिंपी, चांभार, कासार, कुंभारांबद्दलही. आठवडी बाजारात यांची जात-धर्म वेगळी असली तरी पावती एकच फाडली जाते.

मुस्लिम समाजाच्या दृष्टीने तर हा जगण्याचाच प्रश्न आहे. सच्चर समितीने २००६मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिलं की मुस्लिम कामगारांत नोकरदार कमी आणि स्वयंरोजगारावर जगणारे जास्त आहेत. रस्त्यावर माल विकणाऱ्यांचं प्रमाणही देशाच्या सरासरीहून अधिक आहे. सरकारी नोकरी नाही, शेती तुटपुंजी, मग उरतो तो छोटा धंदा. आणि छोट्या धंद्यासाठी सरकार म्हणजे दिल्ली नव्हे, मुंबईही नव्हे. त्याचं सरकार म्हणजे पालिका. गाळा तिचा, ओटा तिचा, परवाना तिचा, नळ तिचा, कचऱ्याची गाडी तिची आणि अतिक्रमणाची गाडीही तिचीच. दिल्लीतलं सरकार बदललं तर त्याच्या धंद्यावर परिणाम व्हायला वर्षं लागतात. पालिकेची हद्द बदलली तर पुढच्या बिलात कळतं.

घटना मोजते, सरकार विचारत नाही

७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं. त्यातलं कलम २४३ क्यू पाहा. कुठल्या भागाला नगरपंचायत द्यायची, कुठे नगरपालिका, कुठे महापालिका, हे कशावरून ठरवायचं? कलम सांगतं: लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराची टक्केवारी आणि त्या भागाचं आर्थिक महत्त्व.

शेवटचे तीन निकष लक्षात घ्या. महसूल कोण देतं? शेतीबाहेरचा रोजगार कोण उभा करतं? आर्थिक महत्त्व कुणामुळे येतं? गावात दुकानं वाढली, वर्कशॉप आली, गोदामं उभी राहिली, माग वाजायला लागले म्हणून ते गाव शहर झालं. म्हणजे गावाला शहर ठरवताना याच माणसांची गणती करायची आणि शहर झाल्यावर काय होणार हे ठरवताना मात्र यांनाच बाहेर ठेवायचं. गणतीला धरता, मग गाऱ्हाण्याला का नाही?

त्याच कलमात एक परंतुक आहे. एखाद्या भागात मोठा कारखाना स्वतःच नागरी सेवा पुरवत असेल किंवा पुरवणार असेल, तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात आणि तिथे नगरपालिका नसली तरी चालते. थोडक्यात, मोठ्या उद्योगाची सोय घटनेनेच करून ठेवली आहे. मोठ्यासाठी परंतुक आणि छोट्यासाठी नोटीस, असा हा हिशेब आहे. मोठ्यांना मिळालेलं काढून घ्या असं मी म्हणत नाही. छोट्याला निदान विचारा, एवढंच म्हणतो.

पाटी बदलली की काय काय बदलतं

सरकारी भाषेत याला ‘स्थित्यंतर’ म्हणतात. दुकानदाराच्या भाषेत ते असं दिसतं.

पहिली गोष्ट कर. हद्दीत आलेल्या गावात सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या दराने आकारणी होते, मग ती टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दरापर्यंत चढत जाते. निवासी आणि बिगरनिवासी दरांत फरक असतो आणि तो फरक दुकानाच्या विरोधात असतो. कर वाढतो पहिल्या काही वर्षांत. पाण्याची लाइन, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे कधी येतील ते मात्र कुणीच लिहून देत नाही.

दुसरी गोष्ट बांधकाम. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभं राहिलेलं पत्र्याचं शेड एका रात्रीत ‘अनधिकृत’ ठरतं. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. मूळ कर अधिक दुप्पट शास्ती, म्हणजे तिप्पट रक्कम. शेड तेच, माल तोच, गिऱ्हाईकही तेच. बदलली ती फक्त नकाशावरची रेघ.

तिसरी गोष्ट जागा. आठवडी बाजार हलतो. पालिकेच्या गाळ्यांचे भाडेकरार नव्या दराने करायचे ठरतात. जळगावात महापालिकेच्या संकुलांतल्या गाळ्यांची मुदत २०१२मध्ये संपली आणि त्यानंतर भाडं, थकबाकी आणि लिलाव यांचा वाद वर्षानुवर्षं चालू राहिला. अशा वादात वर्षं गेली की पालिका कागदावर थकबाकी मोजत बसते. गाळेधारक मात्र आयुष्य मोजतो.

चौथी गोष्ट कागद. काल सरपंचाच्या सहीवर चालत होतं, आज आरोग्य विभाग, अग्निशमन, नगररचना, परवाना विभाग अशा चार टेबलांवर जावं लागतं. २०१४मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचं धोरण आलं, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका मामूंचं मटणाचं दुकान अशाच एका गावी होतं. ग्रामपंचायतीला वर्षाची पट्टी भरली की झालं, असा पंचवीस वर्षांचा रिवाज. नगरपंचायत झाली आणि नाहरकत दाखला मागितला गेला. दाखल्यासाठी कत्तलखान्याची पावती हवी होती. गावात कत्तलखाना नव्हता. तो बांधायची जबाबदारी कुणाची, तर त्याच नगरपंचायतीची. जे तुम्ही बांधलं नाही त्याची पावती मी कुठून आणू, हे विचारायला मामू कितीतरी वेळा पायऱ्या चढले. उत्तर देणारा माणूस दर वेळी वेगळा. शेवटी त्यांनी दुकान बंद केलं आणि पोराला दुसऱ्याच्या चिकन सेंटरवर कामाला लावलं. मालक नोकर झाला. या घटनेची नोंद कुठल्याही विकास आराखड्यात सापडणार नाही.

पुण्यात आले आणि गेले, कोल्हापुरात आलेच नाहीत

पुणे महापालिकेत २०१७मध्ये ११ गावं आली, २०२१मध्ये आणखी २३. त्यातल्या पहिल्या टप्प्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं होती. हीच ती गावं, जिथे पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं जात होता. रस्त्यालगत कापडाची दुकानं, गोदामं, शेड यांचा मोठा पसारा. महापालिकेत आल्यावर कराची बिलं वाढली, ओरड सुरू झाली. डिसेंबर २०२२मध्ये ही दोन गावं वगळण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०२४मध्ये अंतिम अधिसूचना निघून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

आता विचार करा. सात वर्षांत त्या गावांतल्या दुकानदाराने तीन प्रकारचे कारभार पाहिले: ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद. तीन दर, तीन दफ्तरं, तीन साहेब. कुणी बँकेचं कर्ज घेऊन गोदाम बांधलं असेल तर त्याने हिशेब कुठल्या दराने मांडायचा होता? पुण्याचा अनुभव सांगतो की धंद्याचं म्हणणं शेवटी ऐकलं गेलंच. पण कधी? नुकसान झाल्यावर. आणि कसं? बैठकीतल्या घोषणेने. हेच २०१७मध्ये हिशेब समोर ठेवून, सुनावणी घेऊन ऐकलं असतं, तर एक तर गावं आत घेतली नसती किंवा अशा अटींवर घेतली असती की बाहेर पडायची वेळच आली नसती.

कोल्हापूरची तऱ्हा उलटी. १९७२मध्ये महापालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं हद्द जराही वाढली नाही. प्रस्ताव आले, आंदोलनं झाली, गावं बंद झाली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींनी कराच्या भीतीने विरोध केला. शेवटी २०१७मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण असा मधला मार्ग काढला गेला. काही जण म्हणतील, बघा, व्यापारी-उद्योजकांचं ऐकलं की शहर खुंटतं. मला यातून वेगळंच दिसतं. विश्वास नसेल तिथे माणूस प्रत्येक प्रस्तावाला नाही म्हणतो. ‘पाच वर्षांत तुमचा कर इतका होईल आणि त्याच पाच वर्षांत या सेवा मिळतील’ असा लेखी शब्द उद्योजकांपुढे ठेवून चर्चा झाली, तर नकार देणाऱ्यालाही कारण द्यावं लागेल. रिकाम्या हाताने मागितलेल्या होकाराला नकारच मिळतो.

कोर्टाची वाट का पाहू नये

काही मित्र म्हणतात, अन्याय होत असेल तर कोर्टात जा. कोर्टाने याबाबत काय सांगितलंय ते माहीत असलेलं बरं.

उत्तर प्रदेशात तुलसीपूर गावाची हद्द वाढवून एका साखर कारखान्याचा भाग आत घेतला गेला. कारखाना कोर्टात गेला: आम्हाला सुनावणी दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये सांगितलं की हद्द ठरवणं हे कायदा करण्यासारखं काम आहे, त्यात प्रत्येकाला सुनावणी देण्याचं बंधन नाही. आपल्याकडे कल्याण महापालिकेच्या वेळी उल्हासनगरला आधी आत धरलं आणि मग वगळलं. ते प्रकरणही दिल्लीपर्यंत गेलं आणि १९८९मध्ये न्यायालयाने तोच सूर कायम ठेवला. कायद्याने जेवढी हरकत-सूचनेची सोय दिली आहे तेवढीच मिळेल, त्यापलीकडे नैसर्गिक न्यायाच्या नावाने मागता येणार नाही. मध्ये १९८७मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात मात्र न्यायालयाने मान्य केलं होतं की ग्रामपंचायतीतून काढून नागरी क्षेत्रात टाकल्याने लोकांवर कराचा बोजा पडतो, तेव्हा त्यांना म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी.

या निकालांचं सार असं, की कायद्यात जेवढं लिहिलंय तेवढंच मिळणार. आपल्या कायद्यात आज काय आहे? प्रारूप अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या आणि मुदत संपली की अंतिम अधिसूचना काढायची. हरकत का फेटाळली याचं उत्तर दुकानदाराच्या हातात पडत नाही. अधिसूचना राजपत्रात येते. आमच्या मोहल्ल्यात राजपत्र वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणून ही लढाई कोर्टातली नाही, विधिमंडळातली आहे. कायदाच बदलून घ्यावा लागेल.

‘त्यांना मत आहे की!’

या मुद्द्याला नेहमी मिळणारी तीन उत्तरं आहेत. तिन्हींचा समाचार घेतला पाहिजे.

पहिलं उत्तर: दुकानदारही मतदार आहे, नगरसेवकाला मत देतो, आणखी काय हवं? यातली मेख अशी, की माणूस मत देतो जिथे झोपतो तिथे आणि कर भरतो जिथे राबतो तिथे. शेजारच्या गावात राहून बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्याला त्या बाजारपेठेच्या प्रभागात मत नाही. त्यात गाळा भाड्याचा असेल तर कराचं बिल मालकाच्या नावाने येतं, वाढलेली रक्कम भाडेकरू भरतो आणि दफ्तरात त्याचं नावही नसतं. त्यातून प्रभाग रचना अशी बदलत राहते की एक सदस्यांचा प्रभाग कधी तीनचा होतो, कधी चारचा. चार नगरसेवक असलेल्या प्रभागात काम कुणाकडे न्यायचं? चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

इंग्लंडमध्ये एकेकाळी धंद्याच्या जागेवरून मत मिळायचं. एका माणसाला दोन ठिकाणी मत नको, म्हणून लंडनच्या ‘सिटी’ भागाचा अपवाद सोडून १९६९मध्ये ते बंद झालं. ठीकच झालं. पण १९९२च्या कायद्याने तिथल्या पालिकांवर बंधन घातलं, की खर्चाचे प्रस्ताव ठरवण्याआधी व्यावसायिक करदात्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करायची. मत काढून घेतलं, पण कान उघडे ठेवायची सक्ती केली. आपल्याकडेही १८८८च्या कायद्याने मुंबई महापालिकेत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सला दोन जागा दिल्या होत्या. त्या काळाकडे परत जायचं नाही. थैलीच्या वजनावर जागा मिळाली की गरीब बाहेर फेकला जातो. मला जागा नकोत. सुनावणी हवी.

दुसरं उत्तर: व्यापारी ताकदवान असतात, त्यांचं ऐकलंच जातं. एलबीटीचं उदाहरण देतात. २०१३मध्ये मोठ्या शहरांत हा कर आला, व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले आणि १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी सरकारने रद्द केला. खरं आहे. पण यातून एवढंच दिसतं, की ज्याला महिनाभर शटर पाडून ठेवणं परवडतं त्याचं ऐकलं जातं. दुपारच्या गल्ल्यावर ज्याच्या घरची संध्याकाळची चूल पेटते, त्याने बंद कसा करायचा? बंद ही श्रीमंताची हरकत आहे. गरिबाच्या हरकतीसाठी कायद्यात जागा करावी लागते.

तिसरं उत्तर सगळ्यात गंभीर आहे: यांना विचारलं तर कुठलाच नियम येणार नाही, यांना फक्त कर चुकवायचाय. मे २०१९मध्ये उरुळी देवाचीत कापडाच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. हे विसरून कुणी ‘नियम नकोत’ म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. धंद्याचं ऐका म्हणतो तेव्हा त्यात मालकाबरोबर त्याचा कामगारही येतो. पण एक प्रश्न विचारू द्या. हे घडलं तेव्हा ते गाव महापालिकेत येऊन दीड वर्ष झालं होतं. हद्द वाढल्याने कुलूप उघडलं का? नियम लिहिल्याने पाळला जात नाही. तो कसा पाळायचा, त्याला खर्च किती, मुदत किती, हे समोर बसून ठरवावं लागतं. सुनावणीत कामगाराला बोलावलं असतं तर कुलपाची गोष्ट त्यानेच आधी सांगितली असती.

आपल्या लोकांना दोन शब्द

इथे थोडं घरातलंही बोललं पाहिजे. प्रभाग रचना जाहीर झाली की आमच्या समाजाचे पुढारी रात्र रात्र जागतात. कुठल्या गल्लीत किती मतं, कुठला मोहल्ला कुठल्या प्रभागात गेला, आपले किती निवडून येतील, याची गणितं चालतात. ती चालावीतच, मोहल्ले चिरून प्रभाग बनवले जातात हे दुखणं खरं आहे. पण हेच पुढारी हद्दवाढीच्या प्रारूपावर धंद्याच्या बाजूने हरकत लिहून देताना दिसत नाहीत. नगरसेवक किती, हे मोजतो आपण. गाळे किती, ओटे किती, हातगाड्या किती, मागांचे शेड किती, हे कुणी मोजलंय? जमातीच्या दफ्तरात वर्गणीदारांची यादी असते, फेरीवाल्यांची नसते.

२०१४च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडलेले असावेत, त्यात एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, अपंग यांना प्रतिनिधित्व असावं, असं कायदा सांगतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असंही सांगतो. अल्पसंख्याकांचा स्पष्ट उल्लेख असलेली ही समिती आपल्या गावात आहे का, निवडणूक झाली का, हे विचारायला पालिकेत कितीजण गेले? गाडी उचलून नेली की मग धावपळ करायची, ही सवय आता सोडायला हवी.

कौल द्या

आपल्याच मातीत याचं उत्तर आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची असली की आधी कौल दिला जाई. उदमी, कारागीर यांनी येऊन वसावं म्हणून काही वर्षं कराची माफी किंवा सूट, पुढे तो कसा वाढेल याचा शब्द, तोही लेखी. पेठेचं म्हणणं दरबारापर्यंत न्यायला शेटे-महाजन असत. ती वतनदारीची व्यवस्था होती, तिच्यात दोष होतेच. पण राज्यकर्त्याला एक गोष्ट कळत होती: हुकूम काढून पेठ वसत नाही. शब्द द्यावा लागतो आणि पाळावा लागतो.

म्हणून कायद्यात या गोष्टी याव्यात असं मला वाटतं.

एक, लोकनियुक्त सभागृह नसताना कुठल्याही शहराचा दर्जा किंवा हद्द बदलू नये. प्रशासकाने रोजचा कारभार पाहावा, शहराचं भवितव्य ठरवू नये.

दोन, प्रारूप अधिसूचनेबरोबर एक साधा तक्ता द्यावा. आजचा कर, पाच वर्षांनंतरचा कर, कुठले परवाने नव्याने लागतील, कुठल्या सेवा कधी मिळतील. मराठीत, आणि जिथे उर्दू, कन्नड, हिंदी वाचणारे आहेत तिथे त्या भाषेतही. आणि तो बाजारात लावावा, राजपत्रात पुरून ठेवू नये.

तीन, सुनावणी बाजाराच्या ठिकाणी, दुकानं बंद झाल्यावर व्हावी. सकाळी अकराला जिल्हाधिकारी कार्यालयात बोलावणं म्हणजे न बोलावणंच. मालकाबरोबर भाडेकरू, फेरीवाला आणि कामगार यांची हरकतही नोंदली जावी.

चार, फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीचं कारण लेखी द्यावं.

पाच, जुन्या दाखल्यावर प्रामाणिकपणे उभ्या राहिलेल्या धंद्याला नियमात यायला पुरेशी मुदत द्यावी आणि त्या मुदतीत शास्ती लावू नये. आग, पाणी, जीविताच्या सुरक्षेचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून.

सहा, पथविक्रेता समितीची निवडणूक झाल्याशिवाय नव्या हद्दीत अतिक्रमणाची एकही गाडी फिरू नये.

यातली एकही मागणी पालिकेला दिवाळखोर करणारी नाही. उलट, ज्याला पुढच्या पाच वर्षांचा हिशेब माहीत असतो तो दुकानदार कर वेळेवर भरतो. ज्याला काहीच माहीत नसतं तो कोर्टात जातो, नाही तर साहेबाच्या टेबलाखालून मार्ग काढतो. दोन्हींत पालिकेचंच नुकसान.

आता नवी सभागृहं आली आहेत. पुढच्या काही वर्षांत आणखी गावं आत येतील, आणखी पालिकांच्या पाट्या बदलतील. तुमच्या गावाचं प्रारूप निघालं तर मतांची बेरीज करण्याआधी बाजारात एक फेरी मारा. गाळेधारक, हातगाडीवाले, माग चालवणारे, त्यांच्याकडचे कामगार, सगळ्यांची यादी करा. प्रत्येकाची हरकत कागदावर घ्या, मुदतीच्या आत द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. विचारलं नाही म्हणून रडण्यापेक्षा, न विचारता सांगितलेलं बरं. आणि सांगितलंय याचा कागद आपल्या हातात असलेला त्याहून बरा.